ताईच्या डुकरासाठी फरशी

ताईचं पाळलेलं डुक्कर माझ्या घरी राहायला येणार, इथवर मी ऐकून घेतलं. दाजी गेल्यापासून ती एकटी होती आणि डुकराशिवाय यायला तयार नव्हती. म्हणून मी कुंपणालगत त्याला उकरायला माती सैल केली, कपाटांना कड्या लावल्या, स्वयंपाकघराला फाटक बसवलं. शिवाय बैठकीतली दगडी फरशी तोंड दिसेल अशी घासून ठेवली. तीस वर्षं लोकांकडे फरशा बसवतोय, माझ्या घरची फरशी म्हणजे माझी अब्रू.

डुकराला घर चालेल का ते बघायला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. कड्या ओढल्या, फाटक हलवलं, ठीक म्हणाल्या. मग फरशीवर बूट घासून पाहिला.

"इथे खूर घसरतील. पाय मोडला तर संपलंच."

"बाई, ही फरशी बघायला लोक येतात."

"माणसं येत असतील. सतरंज्या अंथरा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका डुकरासाठी मी माझं काम झाकायचं? ताईला फोन करून सुनावलं, की त्याला चालता येत नसेल तर त्यात फरशीचा काय दोष.

ती चिडली नाही. "राहू दे रे. आम्ही इथेच बरे," म्हणाली आणि फोन ठेवला.

"सांभाळा आता फरशीच," बायको म्हणाली आणि दोन दिवस अबोला धरला.

तिसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन मी स्वतःच्या फरशीला टाकी लावली. दातओठ खात, टोचून टोचून अख्खी बैठक खरबरीत केली. सतरंजी मात्र घातली नाही. मग ताईला फोन करून सांगितलं, आता या दोघं.

डुक्कर आलं, खोलीभर टकटक हिंडलं आणि माझ्याच खुर्चीखाली आडवं झालं. मागून ताई आली आणि सरळ खिडकीपर्यंत चालत गेली. एरवी ती भिंत धरून यायची, दाराजवळच्या खुर्चीत बसायची. मला वाटायचं, गुडघे दुखतात.

"तू घसरायचीस इथे?"

"इथे नाही पडले कधी. स्वयंपाकघरातल्या फरशीवर दोनदा पडले. तू कामावर होतास."

"मग बोलली का नाहीस?"

"दर वेळी तू एवढ्या कौतुकाने फरशी दाखवायचास. काय बोलणार?"

मला इतका संताप आला, की तो कोणावर काढावा ते कळेना. मी छिन्नी उचलली आणि स्वयंपाकघराचं फाटक उघडलं.