इर्माने भरलेली पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. माँटेव्हिडिओच्या एका इस्पितळात, रक्ताच्या मूळ पेशी गोळा करण्याच्या खोलीत, मी बावीस वर्षे काढली. माझी कळ ओढली की माणूस अर्धवट आडवा होतो. माझे हात रुंद आहेत, कारण इथे बसणाऱ्याच्या दोन्ही हातांत सुया असतात. एका हातातून रक्त शेजारच्या यंत्रात जाते, यंत्र त्यातल्या मूळ पेशी काढून घेते आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत जाते. असे चार-पाच तास चालते. मी नवी होते तेव्हा परिचारिका नोएलिया येता-जाता मला थोपटायची.

एका मे महिन्यात इर्मा आली. शाळेत शिकवणारी, चाळिशीची. तिच्या वडिलांना, आल्सिदेसना, रक्ताचा कर्करोग होता आणि तिच्या पेशी त्यांना चालणार होत्या. पेशी वाढवायच्या पाच दिवसांच्या इंजेक्शनांनी तिची हाडे ठणकत होती. ती ज्या बेताने टेकली त्यावरून मला ते कळले.

"ताप? खोकला? घसा?" नोएलियाने विचारले.

"काही नाही."

तिचा घसा सकाळपासून खवखवत होता. पण ते सांगितले असते तर तारीख पुढे गेली असती, आणि वडिलांचा आजार सध्या दबला असला तरी फार दिवस दबून राहणार नव्हता.

आल्सिदेस तोंडाला मुसके बांधून, बगलेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात येर्बाच्या कडू पानांचा, धातूच्या नळीने चोखून प्यायचा तुंबा घेऊन शेजारी येऊन बसले.

"काका, तो तुंबा तुमच्या एकट्याचा," नोएलिया म्हणाली. "तुमची नळी दुसऱ्याच्या तोंडात जाता कामा नये."

"एकट्याने येर्बा पिणं म्हणजे स्वतःशीच पत्ते खेळणं, बाई."

"मग स्वतःशीच हरा!"

तिसऱ्या तासाला इर्माच्या ओठांना मुंग्या आल्या. नोएलिया कॅल्शियमची गोळी आणायला गेली. मुलीचे सुकलेले ओठ पाहून आल्सिदेसनी नळी तिच्या तोंडाशी नेली.

"घे पोरी, एक घोट."

"बाबा, नको. ती काय म्हणाली ऐकलंत ना?"

"माझ्या पोरीला पाजायला आता तिची परवानगी काढू?"

ती प्यायली. त्यांनी तुंब्यात पुन्हा पाणी ओतले, मुसके खाली ओढले आणि तीच नळी तोंडात धरली. पुसली नाही. आमच्याकडे कुणी पुसत नाही. तो समोरच्याचा अपमान. इर्माच्या मुठी माझ्या हातांवर आवळल्या. बोलायला तिने तोंड उघडले, पण कित्येक आठवड्यांनी बाबा हसत होते. घशाचे तिने सांगितलेच नाही.

संध्याकाळी नोएलियाने पेशींची पिशवी उजेडात धरली. "एकाच दिवसात पुरेशा झाल्या, इर्मा!" पिशवी गोठवायला गेली.

बाराव्या दिवशी इर्मा एकटीच आली. आल्सिदेसच्या छातीत संसर्ग उतरला आणि ते गेले. ती पिशवी त्यांना लावायची वेळ आलीच नाही. आता त्या पिशवीचे काय करायचे, त्या कागदावर इर्माची सही हवी होती.

"दुसऱ्या कुणाला नाही का चालणार?"

"नाही गं. त्या पेशी त्यांच्यासाठीच होत्या."

तिने सही केली. मग काही कारण नसताना माझ्यात येऊन बसली आणि घशाचे सगळे सांगून टाकले.

"कशानं झालं, कुणीच सांगू शकणार नाही," नोएलिया म्हणाली. "त्यांच्या अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं."

"पण मला माहीत होतं, नोएलिया."

नोएलियाने स्टूल ओढले, इर्माच्या हातावर हात ठेवला आणि बाहेरून हाका येत होत्या तरी उठली नाही.

आता माझे रेक्झिन फाटले आहे आणि मी अडगळीत आहे. माझ्यासाठी काही मागत नाही. मित्रांनो, आजाऱ्याच्या जवळ जाताना आपले दुखणे लपवू नका. आणि कुणी प्रेमापोटी ते लपवले असेल, तर त्या माणसाला एकटे सोडू नका. दोष कुणाचा, हे विचारू नका. आधी विचारा, सकाळपासून काही खाल्लंस का.