मागे कोण बसलंय?

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सहा माणसं मोबाइलचे गेम बनवायची. त्यांच्यातल्या लेखिकेने वर्षभर खपून एका साहसी गेमची चारशे पानी गोष्ट लिहिली होती. तो गेम बरा चालला. आता रेसिंगचा गेम हाती होता आणि ती रिकामी बसली होती.

"गाडी पळवायला गोष्ट कशाला लागते?" मालक म्हणाले. पण खेळून बघणारे सगळे दहा मिनिटांत कंटाळत होते.

म्हणून एका दुपारी तिने आपल्या मामांना खेळायला बोलावलं. मामांनी तीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवली होती. ते ऐसपैस बसले, गेम तपासायला टेबलाला जोडलेलं स्टिअरिंग धरलं आणि पहिल्याच वळणावर गाडी कडेला लावली.

"काय झालं, मामा?"

"मागे कोण बसलंय?"

"कोणी नाही."

"मग घाई कशाची?"

प्रोग्रामरला सगळे कासव म्हणत. तो पोट धरून हसला. तिने मात्र वही ओढली आणि मामांना खोदून खोदून विचारत संध्याकाळपर्यंत अकरा वाक्यं लिहिली. ती होती मागच्या सीटवरच्या, दिवस भरलेल्या बाईच्या तोंडची. चित्रं काढणारीने ती आपल्या आवाजात म्हटली. कासवाने कुरकुरत गेममध्ये बसवली. गाडी जोरात वळली की बाई कळवळायची, सरळ रस्ता लागला की गप्पा मारायची.

तीन दिवसांनी मामा परत खेळायला बसले.

"दादा, पोचू ना वेळेत?" मागून आवाज आला.

मामा ताठ झाले. "पोचतो, ताई. पुढे वळण आहे, घट्ट धरून बसा." त्यांनी ब्रेक दाबला, हळूच वळले, मग सुसाट निघाले. हातातली कामं टाकून सगळे त्यांच्या खुर्चीमागे जमले. शेवटच्या चढावर मालकांच्याच तोंडून निघालं, "अहो, डावीकडून काढा!"

दवाखान्याचं फाटक आलं. पडदा काळा झाला आणि बाळ रडलं. खोलीत टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. मामांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"रेसिंगमध्ये ब्रेक मारणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला," कासव म्हणाला.

मालकांनी तिच्यापुढे विटा रचायचा गेम ठेवला. "याला किती पानं लागतील?"

तिने दोन-चार विटा रचून बघितल्या. "पान नको, सर. भिंत पुरी झाली की तिच्यात एक खिडकी उघडू दे, आणि आतून कुणीतरी हात हलवू दे."

"बस, एवढंच?"

"एवढंच," ती म्हणाली. कासवाने खुर्ची तिच्याकडे सरकवली. "कोण हलवतंय हात, ते सांग. मी लगेच बसवतो."