दोन बोटांची जागा

मूठ त्याच्या हातात फिरली, सुरी आडवी झाली आणि कोहळा गडगडत पायऱ्यांखाली गेला.

“वैनी, बसली नाय गे,” भिकाजी म्हणाला.

मी सुरी हिसकावून घेतली. लाकूड बरोबर, रिबिटं बरोबर, घासणं तर आरशासारखं. मग फिरली कशी? नजर खिडकीतल्या मातीच्या गोळ्यावर गेली आणि माझ्या कानशिलात सणकन बसल्यासारखं झालं. आठ दिवसांपूर्वी तोच गोळा ओला असताना मी भिकाजीच्या मुठीत दिला होता. त्याने दाबला, ठसा उठला, मी उन्हात वाळवला आणि त्या मापाने शिसवीची मूठ कोरली. माती वाळली की आकसते! डिचोलीत जन्मले, कुंभारांच्या मडक्यांमधून शाळेत गेले आणि एवढं मला सुचू नये?

“चूक माझी, भावजी. तुमच्या हाताची नाही.”

“हाताचीच गे. अर्धो हात, तो काय धरतलो?”

वीस वर्षं हा माणूस पेडण्यापासून फोंड्यापर्यंत जेवणावळींना भाज्या कापायचा. पावसाळ्यात लग्नं नसतात म्हणून खाणीवर रोजाने गेला आणि तिथल्या खनिज वाहणाऱ्या पट्ट्याने उजव्या हाताची दोन बोटं नेली, अंगठ्याशेजारची. खाणवाल्यांनी त्याला राखणदाराचं स्टूल दिलं आणि उपकार केल्याचा आव आणला. गावात तेव्हा मराठी की कोकणी यावर रोज दुकानादुकानात गळे फाटत होते. भिकाजीच्या दोन बोटांसाठी एकाही भाषेत कुणी तोंड उघडलं नाही.

आता शनिवारी गोवा घटकराज्य होणार होता. मैदानात पाचशे पानांचं जेवण होतं. मुख्य आचारी गोपाळने भिकाजीला सांगितलं होतं, “सकाळी माझ्यासमोर एक कोहळा काप. हात चालला तर सुरी घेऊन बस, नाहीतर पाणी वाढ.”

आज गुरुवार, आणि माझ्याकडची सुकी शिसवी संपलेली. ओलं लाकूड लावलं असतं तर महिन्यात सुकून रिबिटं खुळखुळली असती. मी घरभर नजर फिरवली. पडवीत खुर्ची होती.

खुर्ची पुढाऱ्याची. शनिवारी व्यासपीठावर तो बसणार म्हणून माझ्या नवऱ्याने, गुरुदासने, महिनाभर खपून केलेली. दोन वर्षं सुकवलेली शिसवी! बोटं गेली तेव्हा भिकाजी याच पुढाऱ्याच्या दारात तीनदा जाऊन बसला होता. तिन्ही वेळा आतून एकच निरोप: साहेब जेवतात.

खुर्चीला अजून सरस लावायचा होता. मी मोगरीचा एक ठोसा घातला आणि उजव्या बाजूचा कोपर टेकायचा दांडा सुटून हातात आला.

“वैनी! घोव मारतलो तुका!”

“नवरा मारेल तर मारू दे. तुम्ही हात भिजवा.”

या वेळी माती नको, माणूसच समोर हवा. दांडा उभा चिरून दोन फळ्या केल्या. जुनी मूठ काढून सुरीच्या शेपटीच्या दोन्ही अंगांना राळ आणि मेण लावून त्या बसवल्या. सुरी भिकाजीचीच, ट्रकाच्या कमानपाट्यापासून लोहाराने घडवलेली. तांब्याची तार भोकांतून घालून दोन्हीकडून ठोकली. मग त्याच्या ओल्या हाताला तांदळाचं पीठ लावलं. “धरा.” काळ्या शिसवीवर जिथे पीठ उमटलं तिथे कानस. पुन्हा धरा, पुन्हा कानस. अंगठ्याला खळगा झाला. शेवटच्या दोन बोटांना दोन खाचा झाल्या. जिथे पीठ उमटतच नव्हतं, तिथलं लाकूड मी ठेवलं. उभंच ठेवलं, उंचवट्यासारखं, म्हणजे सुरी फिरायला गेली की तळव्यात अडेल.

भिकाजीने मूठ आवळली. मनगट झटकलं. सुरी हलली नाही.

“वैनी,” तो कुजबुजला, “ही धरता गे!”

मला हसू आवरेना. तेवढ्यात गुरुदास दारात उभा राहिला.

“देवकी, खुर्चेचो दांडो खंय?”

मी सुरीकडे बोट दाखवलं. गुरुदासचा चेहरा लाल झाला. “पिशी जालीस? परवा तो खंय कोपर टेकतलो?”

“ढुंगण टेकायला जागा आहे ना? पुरे.”

भिकाजी घाईने उठला आणि सुरी पुढे करत म्हणाला, “गुरुदास, माझ्यापायी नको रे. काढ ती मूठ.”

गुरुदासने सुरी घेतली. उलटी केली, सुलटी केली. मग भिकाजीचा हात धरून त्याच्या जखमेच्या जागेवरून अंगठा फिरवला.

“ह्यो रिबिट वर आयला,” तो माझ्यावर खेकसला. “हाताक लागतलो ताच्या. हातोडो दी.”

रिबिट त्याने स्वतः ठोकून सपाट केलं. मग पडवीत जाऊन आंब्याच्या लाकडाचा दांडा केला आणि शुक्रवारी रात्री त्याला काळा रंग फासला, पुढाऱ्याच्या नावाने शिव्या देत.

शनिवारी मैदानात कर्णे ओरडत होते. गोपाळने कोहळा ठेवला आणि कमरेवर हात देऊन उभा राहिला. भिकाजीने सुरी पाण्यात बुडवली, तेलाचा हात तिच्या मुठीवरून फिरवला. मुद्दामच.

खच्च! कोहळ्याचे दोन भाग. चार. सोळा. मग नुसता आवाज, पावसाच्या धारेसारखा सलग, आणि फोडी सगळ्या एका मापाच्या. कोपऱ्यात नारळ खवणाऱ्या बायका खवायच्या थांबल्या. मी तर ओरडलेच, “अरे वा, भावजी!”

व्यासपीठावर पुढारी बसला होता. नवीन राज्याबद्दल बोलायला उठला तेव्हा त्याच्या पांढऱ्या बाहीवर कोपराला काळा डाग होता. त्याला कुणी सांगितलं नाही.

“बगू रे,” गोपाळने सुरी मागितली. “अशी काय जादू हा?”

त्याने ती आपल्या धडधाकट पाच बोटांत धरली. पहिल्या दोन बोटांखाली उंचवटा आला, बोटं वरच राहिली. त्याने हात बदलून पाहिला. पकड बदलून पाहिली. सुरी बसेना.

गोपाळने ती पंच्याने पुसली, मूठ भिकाजीकडे करून परत दिली आणि दुसरा कोहळा त्याच्यापुढे सरकवला.