तिसरी कॉफी

नात आली त्या पहिल्याच दिवशी शेफिकाने तिला बजावलं होतं, की या घरात कॉफी घाईत करत नाहीत. आयना स्वीडनमध्ये जन्मलेली. तिकडे बटण दाबलं की कॉफी. सारायेवोला आजीकडे, तिच्या ‘नेना’कडे, ती यंदा पहिल्यांदाच एकटी आली होती आणि इथल्या साऱ्या रीती शिकूनच जायचं, असं तिने मनावर घेतलं होतं. बूट दाराबाहेर काढायचे. साखरेचा खडा कॉफीत टेकवून दाताखाली धरायचा, कपात ढवळायचा नाही. तबकात माणसांपेक्षा एक कप जास्त ठेवायचा, कारण कोण कधी येऊन टपकेल सांगता येत नाही. पोरगी चटपटीत. बघता बघता तिच्या कॉफीवर असा फेस यायला लागला, की समोरची मुनिरा नाक मुरडत का होईना, दुसरा कप मागू लागली.

एक गोष्ट मात्र शेफिकाने तिला शिकवली नाही. पहिली कॉफी आल्याआल्याची, दुसरी गप्पांची, आणि तिसरी पुढ्यात आली की पाहुण्याने ओळखायचं, आता उठायला हवं. तोंडाने ‘जा’ म्हणायची वेळ येऊ नये म्हणून शहाण्या लोकांनी काढलेली ही युक्ती. सगळ्या गल्लीत चालते. फक्त शेफिकाच्या घरी तिसरी कॉफी होत नसे. मुनिरा दुपारी येऊन बसली तर दिवे लागले तरी हलत नसे, पण शेफिकाने तिलाही कधी ती दिली नाही.

त्याला कारण होतं. तरुणपणी वेहबिया तिला मागणी घालायला आला, तेव्हा त्याच्या बापाला पत्त्यांचा नाद म्हणून शेफिकाच्या आईने हसतमुखाने तिसरी कॉफी त्याच्यापुढे ठेवली. तो ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आभार मानून उठला आणि थोड्याच दिवसांत व्हिएन्नाला निघून गेला. तिथे त्याने ट्राम चालवली, संसार केला, बायको गेली. इकडे शेफिकाचाही संसार झाला. नवरा भला माणूस होता, त्यालाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. अलीकडे वेहबिया उन्हाळ्यात खाली बाजारपेठेजवळ पुतण्याकडे यायचा आणि जाण्याआधी एकदा व्रात्निक या टेकडीवरच्या मोहल्ल्याची चढण चढून शेफिकाकडे दोन कॉफ्या पिऊन जायचा. पुढचं अख्खं वर्ष ती त्या दोन कपांवर काढायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मुनिराला न सांगताच ठाऊक होतं.

आज तो आला आणि अंगणात आलुबुखारच्या झाडाखाली टेकला. पहिली कॉफी झाली, दुसरी झाली.

“पुतण्या म्हणतो, एक खोली रिकामी आहे, इथंच राहा,” तो म्हणाला.

“मग राहा की. तुझ्यावाचून व्हिएन्नातली ट्राम काही अडली नाही.”

“रिकाम्या खोलीत ठेवायला मी काय ट्रंक आहे?” तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, “शेफिका, लांबण लावत नाही. उद्या सकाळी माझी बस आहे. तू म्हणालीस तर जात नाही. नाही म्हणालीस तर पुढच्या वर्षी विचारायला येणं व्हायचं नाही. गुडघ्यांनी हात टेकलेत.”

“बस, आलेच,” एवढंच शेफिका म्हणाली आणि आत गेली. पेटीतून तिने डोक्याला बांधायचा पांढरा, लेसच्या काठाचा रुमाल काढला. असं उत्तर रोजच्या विटक्या रुमालात द्यायचं नसतं. गाठ नीट बसेना, ती सोडून पुन्हा पुन्हा बांधत राहिली. आरशातल्या म्हातारीकडे बघून तिला हसू आलं आणि रडूही.

ती बाहेर आली तर खुर्ची रिकामी होती. आयना तबक आवरत होती.

“ते गेले, नेना. तुला सलाम सांगितलाय.”

“गेले? असे कसे गेले?”

“तुला वेळ लागला, कप रिकामे होते. पाहुण्यापुढे रिकामा कप नको, असं तूच म्हणतेस. म्हणून मी अजून एकदा कॉफी केली. ते नुसते कपाकडे बघत बसले. मग म्हणाले, आजीनं सांगितलं का? मी म्हटलं, हो, सगळं आजीनंच शिकवलंय. मग प्यायले. छान झाली म्हणाले.” पोरीचा चेहरा उतरला. “माझं काही चुकलं का?”

“तुझं नाही गं. मीच अर्धं शिकवलं,” शेफिका म्हणाली.

ती फाटकाशी आली. वेहबिया भिंतीला हात लावत उतार उतरत होता. त्याला हाक मारायला हवी होती. पण व्रात्निकच्या बायका परपुरुषाला भर गल्लीत नावाने हाक मारत नाहीत, आणि शेफिकाने तर आयुष्यात कुणालाच मारली नव्हती. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. असलं शहाणपण काय चुलीत घालायचंय, असं तिच्या मनात आलं, तरी पाय फाटकातच.

समोरच्या खिडकीतून मुनिरा म्हणाली, “एवढा ठेवणीतला रुमाल बांधून फाटकाला शोभा आणायची आहे का? उतार आहे बाई, गडगडत गेलीस तरी पोचशील.”

शेफिका घरातल्या सपाता घालूनच निघाली. खिडक्यांचे पडदे हलले, ते तिला दिसले. हलू देत, म्हणाली.

वेहबिया वळणावर दम खात उभा होता. तिला बघून तो गोंधळला.

“ती कॉफी पोरीनं केली,” शेफिका धापा टाकत म्हणाली. “तिला त्यातलं काही माहीत नाही. माझ्या घरात ती कॉफी होत नाही. तुझ्यानंतर एकदाही झालेली नाही.”

त्याने तिच्या रुमालाकडे पाहिलं, पायांतल्या सपातांकडे पाहिलं, मग मागच्या चढणीकडे पाहिलं.

“एवढं खाली कशाला उतरलीस?” तो म्हणाला. “आता चढताना किती त्रास होईल तुला.”

“चढताना तू आहेस ना,” शेफिका म्हणाली आणि साऱ्या खिडक्यांदेखत तिने हात पुढे केला.