खासदारांनी पाहिलेले मोती

मित्रांनो, मुरे बंदराच्या 'सागर भविष्य भवना'त शिरलात की डाव्या हाताला काचेच्या पेटीत मान वाकवून बसलेला एक काळा म्हातारा दिसतो. तो मी, इथला जुना सूक्ष्मदर्शक. पेटीवर पाटी आहे, 'कृपया हात लावू नये'. वाचायला मी इथेच शिकलो, उतारवयात, भिंतीवरच्या पाट्या पाहून पाहून. अभ्यास सोपा गेला, कारण पाट्या खूप असल्या तरी त्यांवर नाव एकच आहे, खासदार मा गी-दोक.

पूर्वी मी धक्क्याजवळच्या सरकारी संशोधनाच्या खोलीत कामाला होतो. छत गळायचं, पण डॉक्टर प्योन सोल-हीबाईंनी माझ्या भिंगांवर कधी बुरशी धरू दिली नाही. उन्हाळा तापला की आमच्या समुद्रात एक सूक्ष्म जीव माजतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. माझ्याखाली मात्र साखळ्या करून, गिरक्या घेत पोहताना दिसतो. तो फार वाढला की पाणी लाल होतं आणि पिंजऱ्यांत पाळलेले मासे गुदमरून मरतात. पाण्याला रंग चढायच्या आधीच बाई ओळखायच्या. मग लोक माशांचं खाद्य बंद करायचे आणि होड्यांतून पाण्यावर पिवळी माती पसरायचे. माती त्या जीवांना घेऊन तळाला बसते. त्यासाठी धक्क्यावर मातीचा मोठा ढीग कायम असे.

थाक ओक-बुन मावशी सकाळी आपल्या पिंजऱ्याजवळचं पाणी बाटलीत घेऊन यायची. नवऱ्यामागे तिने मासे पाळूनच घर चालवलं होतं.

"बघा हो डॉक्टरबाई, माझ्या लेकरांना काही धोका नाही ना?"

"तुम्हीच बघा, मावशी." बाई तिला स्टुलावर बसवायच्या.

"मला काय कळतंय! वळवळणाऱ्या माळा दिसल्या की पळत सुटायचं, एवढंच ठाऊक."

तिच्या श्वासाने माझी काच धुरकट व्हायची. बाई हसत पुसायच्या.

एका वर्षी मासळी महोत्सवाच्या तोंडावर माळा दिसल्या. खासदार स्वतः खोलीत आले. दारातच त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"डॉक्टरबाई, महोत्सव तेवढा उरकू द्या. समुद्र काही कुठे पळून जात नाही."

"समुद्र नाही जाणार, साहेब. मासे जातील."

"तुमचा पगार सरकार देतं ना? मग जरा सरकारचंही बघा की!"

बाईंनी त्याच दुपारी इशारा दिला. मासे वाचले. लाल पाण्याच्या धास्तीने महोत्सवाला मात्र चिटपाखरू फिरकलं नाही. कच्च्या माशांच्या चकत्या थाळ्यांतच सुकल्या आणि खासदारांचं भाषण रिकाम्या खुर्च्यांनी ऐकलं. तो अपमान ते विसरले नाहीत.

पुढे राजधानीतून तज्ज्ञांची समिती आली. तज्ज्ञ कसले! एक खासदारांचा वर्गमित्र, दुसरा त्यांच्या प्रचारात घोषणा देणारा. माझ्या भिंगाला कुणी डोळासुद्धा लावला नाही. त्यांनी मासळीचं कालवण ओरपलं आणि ठरवलं, की असलं संशोधन दुसरीकडेही चालतं, इथे अनुदान नको. त्याच अनुदानातून हे भवन उभं राहिलं. मातीचा ढीग हटवून तिथे गाड्या लावायची जागा केली. बाईंना पाहुण्यांना माहिती सांगायचं काम दिलं आणि मला शोभेसाठी ओट्यावर बसवलं.

उद्घाटनाला आमच्याकडच्या रीतीप्रमाणे उकडलेलं डुकराचं मुंडकं मांडलं होतं. नवं यंत्र आलं की ते नीट चालावं म्हणून त्याच्यापुढे दंडवत घालून मुंडक्याच्या तोंडात नोटा खोचतात. इथलं यंत्र म्हणजे भिंतभर पडदा. बाहेर काहीही होवो, पडद्यावरचा समुद्र कायम निळाशार. त्या मुंडक्याबद्दल मला आदर वाटला. पैसे घेऊन वर भाषण न करणारं त्या दालनात तेवढं एकच होतं.

मग खासदारांना फोटोसाठी माझी आठवण झाली. कुणीतरी धक्क्याखालचं पाणी आणलं. बाईंनी थेंब ठेवून डोळा लावला आणि त्या ताठ झाल्या.

"साहेब, आधी ऐका..."

"बाजूला व्हा हो, फोटोत येताय!" खासदार वाकले. "वा! काय मोत्यांच्या माळा आहेत! टाका पडद्यावर, लोकांनाही बघू द्या आपला समुद्र!"

माझ्या नळीवर पडद्यासाठी बसवलेला कॅमेरा सुरू झाला. भिंतभर माळा गिरक्या घेऊ लागल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात मागून थाक मावशी ओरडली, "अरे मुडद्यांनो, टाळ्या कसल्या पिटताय! लाल पाणी आलंय!"

दंडवत घालणारा एक जण नोट हातात घेऊनच पळाला. सगळे धक्क्याकडे धावले. तिथे पाहुण्यांच्या चकचकीत गाड्या उभ्या होत्या. मूठभर पिवळी माती कुठे नव्हती. मावशी गाड्यांच्या चाकांखालची जमीन फावड्याने खरवडत होती, ते मला खिडकीतून दिसलं.

तिचे सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. नंतर ती भवनात आली.

"डॉक्टरबाई, यंदा तुम्ही बघितलंच नाहीत हो."

"बघू दिलं नाही, मावशी."

खासदारांनी उन्हाला दोष दिला आणि दुसरा पडदा मंजूर केला. माझ्यामुळे लोकांत घबराट पसरते, म्हणून माझ्या भिंगांखालचा दिवा काढून मला पेटीत बंद केलं. बाईंनी नोकरी सोडली. जाण्याआधी त्यांनी माझी भिंगं पुसली. दिवा नव्हता, तरी पुसली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं तुम्हाला शिकवतात. माझी तर उत्तम घेतली जाते, पेटी कशी लखलखते! मला तसली काळजी नको. तुम्ही याल तेव्हा खुशाल या काचेला हात लावा आणि मोठ्याने विचारा, 'याचा दिवा कुणी काढला?' उत्तर म्हणून कुणी त्या निळ्या पडद्याकडे बोट दाखवलं, तर पुन्हा विचारा. बाहेरचा समुद्र परत तापू लागला आहे.