तिसावी सही

गीताबाईने संमतिपत्राचे शेवटचे पान उलटले आणि पेन भानुमतीच्या हातात परत दिले.

"नाय जमायचं, ताई. वर्षभर दर आठवड्याला सुई. वरून ताप, उलट्या. पोरगी आधीच एवढीशी."

भानुमती सकाळच्या बसने खुलताबादला आली होती. दोघींची ओळख बारा वर्षांची. भानुमतीची सावनी बाविशीची, गीताबाईची निशा चौदाची, आणि दोघींना थॅलेसेमिया. शहरातल्या रुग्णालयात दर तीन आठवड्यांनी शेजारशेजारच्या खाटांवर त्यांना रक्त चढे. त्याच रक्तातून कधीतरी दोघींच्या अंगात हेपॅटायटिस सी शिरला होता. आता यकृत हळूहळू कडक होत चालले होते.

अशा मुलांना त्यावरचे औषध द्यायला डॉक्टर कचरत, कारण ते औषधच रक्त मोडते. डोस कमी केला आणि रक्त जास्त चढवले तर निभेल का, हे त्या रुग्णालयातल्या डॉ. हिमानींना तपासायचे होते. मंजुरी मिळाली होती, औषधही मिळणार होते. मात्र तीस रुग्ण झाल्याशिवाय अभ्यास सुरू होणार नव्हता. भानुमतीने बँकेतून बिनपगारी रजा घेतली आणि सोयगावपासून वाळूजपर्यंत एकेक घर गाठले. २०१३चा तो उन्हाळा. लोक टँकरच्या रांगेतून उठून तिच्याशी बोलत, आणि बोलता बोलता पुन्हा रांगेकडे पाहत. तरी एकोणतीस सह्या झाल्या होत्या.

"सावनी घेणार हाय का?" गीताबाईने विचारले.

यादीत पहिले नाव सावनीचेच होते. मागच्या मंगळवारी तपासणीत दिसले की वर्षानुवर्षांच्या रक्तातले लोह तिच्या हृदयात साचले आहे. हे औषध त्या हृदयाला झेपणार नाही, असे म्हणून डॉ. हिमानींनी ते नाव स्वतःच्या हाताने खोडले होते. एकोणतीस सह्या ते नाव सोडूनच होत्या.

भानुमतीने समोरच्या तांब्यातले पाणी पेल्यात ओतले. पण प्यायली नाही.

"घेणार," ती म्हणाली. "पहिलं इंजेक्शन तिचंच."

गीताबाईने पेन मागितले. अंगणवाडीत मदतनीस होती ती. सही जपून, एकेक अक्षर जोडत करायची.

बीड बायपासवरच्या नव्या इमारतीची बोअर आटली होती. भानुमती घरी पोचली तेव्हा सावनी खालच्या पायरीवर टँकरची वाट पाहत बसली होती. तीन जिने एका दमात चढणे आता तिला होत नव्हते.

"झाली का सही?"

"झाली." मग भानुमतीने तिला सगळे सांगितले.

"म्हणजे आता मला ताप यायला पाहिजे," सावनी म्हणाली.

भानुमतीने तिचा रक्ताचा वार बदलून घेतला, त्यामुळे ती आणि निशा वॉर्डात समोरासमोर येईनात. निशाचे इंजेक्शन शुक्रवारी असे आणि शनिवारी सकाळी तिचा फोन येई. सावनीने माहितीपत्रक तोंडपाठ केले होते. कितव्या आठवड्यात काय होते, हे तिला बरोबर ठाऊक असे.

"मलापण कडू लागतंय गं सगळं. बडीशेप चघळ. हो, केसही जातात. माझा कंगवा भरतो. येतात परत. नाही, मी नाही सोडणार. तू?"

भानुमती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हे ऐके. एकदा तिने म्हटले, "खरं सांगून टाकूया का?"

"पंधरा इंजेक्शनं झालीत तिची," सावनी म्हणाली. "आता नको."

दिवाळीनंतर सावनीच्या पायांवर सूज आली. डिसेंबरात ती हृदयाच्या विभागात दाखल झाली आणि नवव्या दिवशी गेली. गीताबाई आणि निशा भेटायला आल्या, तेव्हा लोह साचून हृदय बंद पडले एवढेच भानुमतीने सांगितले. ते खरेच होते. निशाची तेरा इंजेक्शने उरली होती. तिने ती पुरी केली.

पुढच्या सप्टेंबरात अभ्यासाचा निकाल लागला. तिसांपैकी अकरा जणांच्या रक्तात विषाणू पुन्हा सापडला नाही. निशा त्या अकरांत नव्हती.

गीताबाई रिपोर्टची पिशवी घेऊन एकटीच आली. "परत आलंय," ती म्हणाली. "एवढं सगळं काढलं पोरीनं. परत आलंय."

भानुमतीने दार लावले आणि तिच्यासमोर खाली फरशीवर बसली.

"गीताबाई, सावनीनं एकही इंजेक्शन घेतलं नव्हतं. तुमच्याकडं आले त्याच्या आधीच तिचं नाव खोडलं होतं."

गीताबाईने पिशवीची गाठ सोडली. पुन्हा बांधली.

"मंग ते फोन?"

"खोटे."

"म्हंजी मी सही केली, ती..."

भानुमती मान खाली घालून वाट पाहत राहिली. शिव्या आल्या असत्या तर तिने ऐकून घेतल्या असत्या. शिव्या आल्या नाहीत. गीताबाई उठली, दारापाशी गेली आणि चपला घातल्या.

"निशाला ह्यातलं काय सांगू नका," ती दाराकडे तोंड करूनच म्हणाली.

भानुमतीने वर पाहिले.

"डॉक्टरीणबाई म्हनत्यात, नव्या गोळ्यांवर अभ्यास सुरू होईल. कधी, ते त्यांनाबी नाय ठाऊक. पोरीनं आत्ताच नाव देऊन ठिवलंय." गीताबाईचा हात कडीवर होता. "मी नको म्हनले, तर मलाच म्हनती, सावनीताई मागं हटली नव्हती."

तिने कडी काढली.

"तुमी याल तवा तिला तेच सांगा. मीबी तेच सांगीन."

आणि ती जिना उतरू लागली.