नाकाखालच्या दोन चकत्या

आमचे हे घाबरले आणि गाडी ठोकली, असं सगळा ट्रॅक म्हणतो. म्हणू दे. उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्या माणसानं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या जीव खाऊन पळवल्या आणि कुणाचा साधा आरसा फोडला नाही, तो एका ओळखीच्या वळणावर घाबरेल? मी बायको आहे त्यांची. घरात झुरळ निघालं की खुर्चीवर चढतात, तेवढं मी कबूल करते. गाडीत नाही.

वर्कशॉप सासऱ्यांनी काढलेलं. आता थोरले दीर बघतात, म्हणजे आमचे भाऊजी. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं आणि पार्ट बसवायचे हे त्यांचं काम. फायबरचे पार्ट घडवायचे ते माझं. आणि गाडी ट्रॅकवर नेऊन पुऱ्या वेगात चालवून बघायची ते ह्यांचं. तिघांत एक भाकरी वाटून खावी तसं चाललं होतं सगळं. निदान मला तसं वाटायचं.

स्पोर्ट्स कार घेणाऱ्या माणसाला गाडी आहे तशी कधीच पुरत नाही. त्याला मागे विंग हवी, आणि ती शेजाऱ्याच्या विंगेपेक्षा मोठी हवी. विंग म्हणजे विमानाचा पंख उलटा करून लावलेला. विमानाला तो वर उचलतो, गाडीची मागची चाकं तो रस्त्यावर दाबून धरतो. छान आहे. पण बागेतल्या सी-सॉवर मागच्या टोकाला कुणी जाडा बसला की पुढचा वर जातो, तसं मागे फार दाबलं की गाडीचं नाक उचलतं. म्हणून नाकाखाली फायबरचा एक ओठ लावायचा, जमिनीला अगदी लगटून. तो पुढची चाकं दाबून धरतो. ओठ दोन बोटं वर गेला की संपलं त्याचं काम. वारा खाली शिरतो, नाक हलकं होतं, मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर टाळ्या वाजवा, गाडी सरळच जाते. हळू चालवताना काही कळत नाही. वेगात कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. नुसती मोठी विंग लावून मागणाऱ्याला सासरे तोंडावर सांगायचे, "नाकापेक्षा मोती जड कशाला?" आणि परत पाठवायचे. भाऊजींनी कुणाला परत पाठवलेलं मी बघितलं नाही.

ओठाची उंची तपासायला माझ्याकडे एक लाकडी ठोकळा आहे. तो ओठाखालून आत सरकला तर नाक वर आहे, अडला तर बरोबर आहे. दुसरं माझं हत्यार म्हणजे लोकर. लाल लोकरीचे बोटभर तुकडे गाडीच्या अंगावर चिकटपट्टीनं लावायचे, आणि गाडी पळताना शेजारच्या गाडीतून बघायचं. लोकर चापून बसली की वारा नीट वाहतोय. गरगर फिरायला लागली की तिथे घोळ आहे. ही लोकर ह्यांच्या स्वेटरची. लग्न झाल्यावर हौसेनं विणला होता मी, एक बाही लांब झाली. तसाच वापरला त्यांनी, विटेपर्यंत. शेवटी स्वतःच म्हणाले, "उसव आता, गाडीला तरी माप बरोबर बसेल." तेव्हापासून वर्कशॉपमध्ये माझं नाव लोकरबाई पडलं.

आणि एक नियम होता सासऱ्यांचा. ज्यानं पार्ट बसवला, त्यानं पहिल्या फेरीला ड्रायव्हरशेजारी बसायचं. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं. स्वतःचा जीव आत असला की माणूस नट नीट आवळतो, असं ते म्हणत.

तर ती गाडी एका बंगलेवाल्याची होती. विंग हवी होती भली दांडगी. मी तिच्या जोडीचा ओठ घडवला, भाऊजींनी दोन्ही बसवलं, मी ठोकळा लावून बघितला, अडला. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर चाचणी होती, बंगलेवाला स्वतः बघायला येणार होता. सकाळी भाऊजी म्हणाले, "मी आज बसत नाही. गिऱ्हाइकाजवळ कुणीतरी नको का?" मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण माझ्या हातात लोकरीचे तुकडे होते आणि तोंडात चिकटपट्टी.

पहिली फेरी झाली. शेजारच्या गाडीतून मी बघितलं, लोकर सगळीकडे चापून बसलेली. हे भाऊजींजवळ थांबले, तोवर मी उतरून कठड्याकडे गेले. दुसऱ्या फेरीला मोठ्या वळणावर गाडी वळलीच नाही. मी कठड्याजवळ उभी होते. गाडी वाकडी झाली नाही, डगमगली नाही, आखून दिल्यासारखी सरळ गेली आणि आदळली. ह्यांचा उजवा खांदा तीन ठिकाणी मोडला. जीव वाचला. अँब्युलन्सचं दार लागायच्या आधी भाऊजी बंगलेवाल्याला सांगत होते, "वेगात घाबरून पाय उचलला हो त्यानं. वय झालं आता."

आता हे ऐका. वेगात वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, तर शेपूट फिरतं. गाडी भोवऱ्यासारखी गिरकी घेते, रस्त्यावर टायरचे गोल काळे पट्टे उमटतात. हे आमच्या वेल्डरच्या बायकोलाही माहीत आहे. मी रस्ता जाऊन बघितला. पट्टे सरळ होते.

मोडकी गाडी वर्कशॉपच्या मागच्या अंगणात आणून टाकली होती. भाऊजी हॉस्पिटलमध्ये फळं घेऊन गेले होते, तेव्हा मी खाली पडून पुढच्या स्प्रिंगा बघितल्या. डावीकडे एक, उजवीकडे एक, अशा दोन नव्याकोऱ्या चकत्या. दोन बोटं जाडीच्या, म्हणजे नाक तेवढंच वर. मी ठोकळा लावून गेल्यावर कुणीतरी नाक वर केलं होतं. कशासाठी, ते कळायला फार डोकं लागलं नाही. बंगल्याच्या गेटचा चढ उभा आहे, ओठ घासतो म्हणून बंगलेवाल्याची कुरकुर चालली होती. गिऱ्हाइकाच्या गेटसाठी भावाच्या पायाखालचा रस्ता काढून घेतला ह्या माणसानं. मी तिथेच ग्रीसमध्ये पडून रडले, आणि मग चकत्या काढून खिशात घातल्या.

ट्रॅकच्या कमिटीची बैठक ठरली होती. ड्रायव्हरची चूक ठरली तर ह्यांचा परवाना कायमचा जाणार होता. खांदा कधीतरी बरा झाला असता. पण परवाना गेला की ह्या माणसाकडे राहिलं काय? दुसरं काहीच येत नाही त्यांना, साधा दिव्याचा बल्ब लावता येत नाही. मला त्यांचं नाव वाचवायचं होतं. बाकी वर्कशॉप गेलं खड्ड्यात.

बैठकीच्या दिवशी सकाळीच मी वर्कशॉपची स्वतःची गाडी काढली, गिऱ्हाइकांना दाखवायची. तिला तशीच विंग आहे. कुणी यायच्या आत त्याच दोन चकत्या मी तिच्या पुढच्या स्प्रिंगांत बसवल्या, आणि सगळे जमल्यावर कामगारांसमोर म्हटलं, "भाऊजी, ह्या गाडीची विंग तुम्ही बसवलीय. मी फेरी मारते, बसा शेजारी."

"तू चालवणार?"

"खांदा त्यांचा मोडलाय, माझा नाही. आणि मला त्यांनीच शिकवलंय."

वेल्डर खाली मान घालून हसला. कामगारांसमोर सासऱ्यांचा नियम मोडायची हिंमत भाऊजींना नव्हती. बसले.

ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर मी वेग वाढवत नेला. वाढता वाढता स्टिअरिंग हातात पोकळ झालं. लोण्यात चमचा फिरवावा तसं. जीव माझाही वर आला होता, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "भाऊजी, बघा हं, मी उजवीकडे वळवतेय." स्टिअरिंग थोडं वळवलं. गाडी सरळ. अजून थोडं वळवलं. गाडी सरळ. कठडा मोठा होत होता.

"अगं चकत्या!" भाऊजी ओरडले. "कुणी घातल्या त्या चकत्या? हळू, हळू घे!"

मी पाय हलकेच सैल करत गाडी उतरवली, कडेला उभी केली. मग मी म्हटलं, "मी तर चकत्यांचं नावही काढलं नव्हतं, भाऊजी." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मग ते रडले. खरंच रडले, साठीला आलेला माणूस. "गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून केलं गं. दोन बोटांनी काय होतंय, असं वाटलं. हे बाहेर पडलं तर वर्कशॉपला टाळं लागेल. वडिलांचं नाव जाईल."

"आणि धाकट्याचं गेलं तर चालेल?"

मी सांगितलं, दुपारी कमिटीसमोर तुम्ही बोला, नाहीतर मी बोलते, आणि मी बोलले तर एवढ्या सभ्यपणे बोलणार नाही. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, जिंकलं.

आम्ही पोचलो तेव्हा कमिटीच्या खोलीचं दार उघडत होतं आणि हे बाहेर येत होते. खांद्याला पट्टा, सदरा एका बाजूनं लोंबता. मला न सांगता रिक्षा करून लवकर आले होते. मागून येणाऱ्या अध्यक्षांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. "प्रामाणिक माणूस आहे. पाय उचलला, चूक माझी, म्हणाले. असं कबूल कोण करतं आजकाल?"

भाऊजी माझ्या शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी घसा खाकरला, आणि त्याच घशातून फक्त एवढं निघालं, "चल, तुला घरी सोडतो." ह्यांनी स्वतःच कबूल केल्यावर माझं कोण ऐकणार होतं?

घरी मी ह्यांच्यासमोर चकत्या आपटल्या. "ह्या तुमच्या भावानं घातल्या. माहीत आहे?"

"माहीत आहे," हे म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्याच फेरीला चाक हलकं लागलं. थांबून दादाला विचारलं. म्हणाला, थोडं वर घेतलंय, एक फेरी अजून मार, गिऱ्हाईक बघतंय."

"आणि तुम्ही मारली."

"दादा म्हणाला ना."

मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. एवढं विचारलं, की मेला असतात तर मी काय समजून जगायचं होतं? घाबरट नवऱ्याची विधवा म्हणून? आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं काहीतरी पुटपुटले ते. मग म्हणाले, "वडिलांचं वर्कशॉप आहे. माझं काय, मी आता नाहीतरी चालवणार नव्हतो फार दिवस." मला इतका राग आला की त्या रात्री मी भिंतीकडे तोंड करून झोपले, आणि पुढच्या कितीतरी रात्री.

परवाना गेला. आता हे वर्कशॉपच्या काउंटरवर बसतात. फोन घेतात, डाव्या हातानं. कुणी ओळखीचा आला की घाबरून पाय उचलल्याचं तेच सांगतात. सांगून सांगून गोष्ट रंगतदार झाली आहे.

परवा बंगलेवाला आला. नवी गाडी, तीच जात, त्याला तशीच विंग हवी. "काय हो, नक्की झालं काय त्या दिवशी?" त्यानं ह्यांना विचारलं. भाऊजी नट शोधायला लागले. आणि ह्यांनी डोळे मोठे केले, चांगला हात पुढे धरला, "वळण असं अंगावर आलं साहेब, आणि पाय जो उचलला, जणू खाली झुरळ!" बंगलेवाला हसला. कामगार हसले. झुरळाची गोष्ट माझ्या घरातली होती हो.

मी पॉलिश पेपर खाली ठेवला. "खोटं आहे ते. गाडीचं नाक वर केलं होतं. तुमच्या गेटसाठी. भाऊजींनी चकत्या घातल्या होत्या."

बंगलेवाल्यानं ह्यांच्याकडे बघितलं. "खरं का हो?"

"जाऊ द्या हो," हे हसत म्हणाले. "बायको आहे. नवऱ्याची बाजू घेणारच ती."

"नशीबवान आहात," बंगलेवाला म्हणाला. मग भाऊजींकडे वळला. "ह्या वेळी मात्र ओठ गेटला लागायला नको बघा."

"नाही लागणार," भाऊजी म्हणाले.

"आणि चालवून कोण बघणार? हे तर आता..."

"ही बघेल," हे म्हणाले. मला न विचारता. "हात हलका आहे हिचा." आणि माझ्याकडे असं बघून हसले, जसं काही मोठं बक्षीस दिलं मला.

मी ठोकळा उचलून त्यांच्यासमोर काउंटरवर ठेवला. "चालवीन," मी म्हटलं. "पण शेजारी भाऊजी नाही बसणार. तुम्ही बसायचं. पहिल्या फेरीला आणि दुसऱ्याही."

हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे गेले भाऊजींकडे. भाऊजी खाली बघत होते. ह्यांनी चांगल्या हातानं मोडका खांदा धरला, आणि कपाळावर घाम आला. इतकी वर्षं संसार केला, पण गाडीच्या नावानं आमचे हे घाबरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.